काळ आला होता, पण वेळ आली नव्हती

८ जून २०२४ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर घडलेला प्रसंग आमच्या वाचकांपैकी काहींना अजून आठवत असेल. इंदूरहून आलेल्या विमानाची चाके धावपट्टीला टेकली, तेव्हा तिरुवनंतपुरमला निघालेले दुसरे विमान त्याच धावपट्टीच्या पुढल्या भागावर उड्डाणासाठी अद्याप धावतच होते. पुढच्याने जमीन सोडली, मागच्याने वेग आवरला, आणि सारे काही सुरळीत पार पडले. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. उतरलेल्या प्रवाशांपैकी बहुतेकांना आपण कशातून पार पडलो याची त्या वेळी कल्पनाही नसेल. या घटनेचे चित्रण घरोघरी पाहिले गेले, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी आरंभली, संबंधित नियंत्रकास कामावरून दूर करण्यात आले, आणि चार दिवसांत हे शहर आपल्या नित्याच्या विवंचनांकडे वळले.

अशा प्रसंगी आपल्या तोंडी एक म्हण सहज येते. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती! संकटातून सुटलेल्या माणसाच्या पाठीवर हात फिरवणारी ही म्हण आहे आणि घरगुती व्यवहारात तिचा दिलासा कोणी नाकारू नये. परंतु ज्या व्यवसायात एका चुकीची किंमत शेकडो प्राणांनी मोजावी लागते, तेथे ही म्हण घातक ठरते. कारण तीत सुटकेचे श्रेय नशिबाला दिले जाते, आणि ज्याचे श्रेय नशिबाला दिले त्याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. टळलेला अपघात हा पुढे घडू पाहणाऱ्या अपघाताने आगाऊ धाडलेला खलिता असतो. तो उघडून वाचणारे कोणी आहे की नाही, यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

विमाने एकमेकांच्या धोकादायक रीतीने जवळ येण्याचे प्रसंग उतरण्याच्या वेळीच अधिक का संभवतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तीस-पस्तीस हजार फुटांवर आकाश प्रशस्त असते. तेथे विमाने वेगवेगळ्या उंचींवर आणि वेगवेगळ्या दिशांना विखुरलेली असतात. विमानतळ जवळ येऊ लागला की हे सारे प्रवाह नरसाळ्यात ओतल्याप्रमाणे एकत्र येतात. चहूकडून येणाऱ्या विमानांना अखेर एकाच रेषेवर, एकाच उतारावर आणि एकाच धावपट्टीच्या टोकाशी यावयाचे असते. ज्या रडारच्या आधारे त्यांना ओळीत लावले जाते, त्याच्या नियमानुसार विमानतळाच्या परिसरात दोन विमानांमध्ये आडवे सुमारे साडेपाच किलोमीटर किंवा उभे एक हजार फूट अंतर राखण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. साडेपाच किलोमीटर हे अंतर जमिनीवर मोठे वाटते. परंतु धावपट्टीकडे येणारे जेट विमान ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने येत असते, म्हणजे एक किलोमीटर ते चौदा-पंधरा सेकंदांत कापते. नेमक्या याच वेळी वैमानिकाला चाके खाली सोडायची असतात, पंखांच्या झडपा उघडायच्या असतात, वेग कमी करायचा असतो, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा असतो आणि मनोऱ्याकडून येणारा प्रत्येक शब्द कानात साठवायचा असतो.

यावर कोणी म्हणेल की, यंत्रे आहेत ना! यंत्रे आहेत, आणि ती उत्तम आहेत. समोरून येणाऱ्या विमानाची चाहूल घेऊन एका वैमानिकाला ‘वर जा’ आणि दुसऱ्याला ‘खाली जा’ असा आदेश देणारे टीकॅस हे उपकरण आज मोठ्या प्रवासी विमानांत सर्वत्र असते. परंतु जमिनीपासून साधारण एक हजार फुटांच्या खाली हे उपकरण आपले आदेश देणे थांबवते, आणि त्याची रचनाच मुळी तशी केलेली आहे. भूमीच्या इतक्या जवळ ‘खाली जा’ अशी आज्ञा झाली तर एका अपघाताऐवजी दुसरा ओढवेल. म्हणजे ज्या टप्प्यावर गर्दी सर्वांत दाट, त्याच्या अखेरच्या भागात हा पहारेकरी मौन धारण करतो. मग उरतात माणसाचे डोळे. त्या डोळ्यांची मर्यादाही विचित्र आहे. जे विमान आपल्यावर आदळण्याच्या मार्गावर असते, ते काचेतून पाहणाऱ्याला हलताना दिसतच नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखे स्थिर राहते आणि अखेरच्या काही क्षणांत एकाएकी मोठे होते. १९७८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील सान डिएगो येथे उतरू पाहणाऱ्या बोइंग ७२७ विमानाच्या चालकांना पुढचे छोटे सेस्ना विमान आधी दिसले होते. मग ते नजरेआड झाले, आणि आपण त्याला मागे टाकले असा त्यांचा समज झाला. त्या समजुतीपायी १४४ माणसे प्राणांस मुकली.

यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, २९ जानेवारी २०२५ च्या रात्री, अमेरिकेच्या राजधानीत हाच धडा पुन्हा गिरवला गेला. विचिटा शहराहून आलेले प्रवासी जेट वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरण्याच्या बेतात असताना पोटोमॅक नदीवर सैन्याच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरशी त्याची टक्कर झाली. विमानातील ६४ आणि हेलिकॉप्टरमधील ३ अशी एकूण ६७ माणसे मरण पावली. ही टक्कर जेमतेम तीनशे फुटांवर झाली. विमानातील उपकरणाने सावधानतेची सूचना दिली होती. पण बचावाचा आदेश मात्र त्या उंचीवर ते देऊच शकत नव्हते. आपल्याला विमान दिसते आहे, असे हेलिकॉप्टरमधून मनोऱ्याला कळवण्यात आले होते. मनोऱ्यात विमाने आणि हेलिकॉप्टरे या दोहोंचे काम त्या वेळी एकाच नियंत्रकाकडे होते. आणि हेलिकॉप्टरांसाठी आखून दिलेला मार्ग त्या धावपट्टीच्या उताराखालून अशा रीतीने जात होता की, सारे नियम पाळले तरी काही ठिकाणी दोहोंत केवळ ७५ फुटांचे अंतर उरावे. ही जेमतेम सात मजली इमारतीची उंची झाली.

येथपर्यंतची हकीकत दुःखद आहे. पुढची हकीकत मात्र लज्जास्पद आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दुर्घटनेनंतर जुन्या नोंदी तपासल्या. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात याच विमानतळाच्या परिसरात प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यातील आडवे अंतर एका सागरी मैलाहून कमी आणि उभे अंतर चारशे फुटांहून कमी झाल्याचे १५,२१४ प्रसंग त्या नोंदींत आढळले. दिवसाला सरासरी सुमारे तेरा! त्यांपैकी ८५ प्रसंगी तर उभे अंतर दोनशे फुटांपेक्षाही कमी राहिले होते. या नोंदी कोणी दडवून ठेवलेल्या नव्हत्या. त्या सरकारी दप्तरातच होत्या, आणि त्या केव्हाही पाहता आल्या असत्या असे मंडळाच्या अध्यक्षा जेनिफर होमेंडी यांनी उघडपणे बोलून दाखवले. पंधरा हजार खलिते येऊन पडले होते. प्रत्येक खेपेस ‘वेळ आली नव्हती’ म्हणून ते बाजूला सारले गेले, आणि एके रात्री वेळ आली.

टळलेल्या अपघाताकडे दुर्लक्ष होण्याचे एक साधे कारण असे की, त्याचा पुरावा फार लवकर पुसला जातो. अपघात झाला की भग्नावशेष उरतात, चौकशी आपोआप सुरू होते. अपघात टळला की विमान पुन्हा प्रवासाला निघते. ७ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीच्या सुमारास सान फ्रान्सिस्को येथे एअर कॅनडाचे विमान धावपट्टी समजून शेजारच्या मार्गिकेवर उतरू लागले. त्या मार्गिकेवर उड्डाणाची वाट पाहत चार विमाने एकामागे एक उभी होती. समोरून येणारे दिवे आपल्याच रोखाने येत आहेत हे उभ्या असलेल्या विमानातील एका वैमानिकाच्या ध्यानात आले आणि त्याने रेडिओवर हाक दिली. खाली येणारे विमान भूमीपासून सुमारे साठ फुटांवर आले असता पुन्हा वर गेले. पाच विमानांत मिळून एक हजाराहून अधिक माणसे होती. पण तपास करणाऱ्यांना त्या विमानातील संभाषणाची ध्वनिफीत मिळाली नाही. घटनेची गंभीरता योग्य ठिकाणी कळेपर्यंत ते विमान पुढच्या फेरीला गेले होते आणि जुन्या संभाषणावर नवे संभाषण मुद्रित झाले होते. एक हजार माणसांच्या मरणाची शक्यता अशी दोन तासांच्या नित्य संभाषणाखाली गाडली गेली.

आपल्याकडे आणखी एक म्हण आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. हवाई सुरक्षेचे सारे शास्त्र या चार शब्दांत सामावलेले आहे, असे म्हटले तरी चालेल. परंतु मागच्याला शहाणे व्हायचे तर पुढच्याला लागलेली ठेच त्याला कळली पाहिजे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूए कंपनीचे विमान उतरण्याच्या परवानगीचा चुकीचा अर्थ लावून वेळेपूर्वीच खाली आले आणि डोंगरावर आदळले. ९२ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत असे निघाले की, त्याआधी सहाच आठवडे दुसऱ्या एका कंपनीचे विमान तशाच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचून गेले होते. त्या चालकांनी ही गोष्ट प्रामाणिकपणे आपल्या कंपनीला सांगितली होती, आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते. पण ते शहाणपण कंपनीच्या कुंपणातच राहिले. पुढच्याला ठेच लागली, मागच्याला कोणी सांगितले नाही.

या प्रसंगातून अमेरिकेने १९७६ मध्ये एक व्यवस्था उभी केली, ती मोठी शहाणपणाची आहे. वैमानिक, नियंत्रक किंवा तंत्रज्ञ यांच्यापैकी कोणीही आपल्या हातून घडलेली किंवा आपण पाहिलेली चूक लेखी कळवावी. ती कळवायची शिक्षा करणाऱ्या खात्याकडे नव्हे, तर ज्याला शिक्षेचा अधिकारच नाही अशा नासा या संस्थेकडे. कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहते आणि अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल त्याला दंडापासून संरक्षण मिळते. गुन्हेगारी कृत्याला आणि प्रत्यक्ष अपघाताला ही सवलत लागू नाही. त्या कबुलीजबाबांतून वेचलेले शहाणपण मग साऱ्या व्यवसायापुढे मांडले जाते. ब्रिटनमध्ये तर विमाने धोकादायक रीतीने जवळ आल्याच्या प्रसंगांची छाननी करून त्यांचे अहवाल जनतेसमोर ठेवणारे स्वतंत्र मंडळच आहे. वॉशिंग्टनची कहाणी असे दाखवते की, कळवण्याची सोय असूनही वाचणारा झोपी जाऊ शकतो. पण जेथे कळवण्याचीच भीती वाटते, तेथे जागा असलेला वाचकही काय वाचणार?

आता स्वतःच्या घराकडे पाहू. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीला उतरण्यासाठी खाली येणारे कझाकस्तानचे इल्युशिन विमान यांची टक्कर झाली. ३४९ जीव गेले. दोन विमानांच्या हवेतील टकरीत इतकी मनुष्यहानी जगात कोठेही झालेली नाही. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबण्याची आज्ञा होती. ते त्याखाली आले, असा निष्कर्ष न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने काढला. दोष त्या चालकांचा होता हे खरे. परंतु त्या काळी दिल्लीला येणाऱ्या आणि दिल्लीहून जाणाऱ्या विमानांना एकाच चिंचोळ्या मार्गाने समोरासमोर यावे लागत होते, कारण उरलेले आकाश बहुतांशी हवाई दलाच्या ताब्यात होते. नियंत्रकाच्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. वैमानिकाने तोंडाने सांगितलेल्या उंचीवर त्याला विसंबावे लागे. ३४९ प्रेते मोजल्यावर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, रडार सुधारले, टक्कर टाळणारे उपकरण सक्तीचे झाले. यातील एकही उपाय असा नव्हता, जो १२ नोव्हेंबरच्या आधी अमलात आणणे अशक्य होते.

आणि मुंबईला तर हा धडा आणखी जुना आहे. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी कंपनीचे कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जवळच्याच जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. कोणी दगावले नाही. काही दिवसांनी विमान हलके करून तेथून उडवण्यात आले आणि मुंबईकरांना ती एक गंमत वाटली. पुढे एकोणीस वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान नेमकी तीच चूक करून जुहूला उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे जाऊन मोडले. याही वेळी जीवितहानी झाली नाही. पण पहिली ठेच ‘गंमत’ म्हणून विसरली की दुसरी लागते, हे सांगण्यास याहून बोलके उदाहरण कोणते?

तेच जुहू आज हेलिकॉप्टरांचा तळ आहे. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरे तेथून ये-जा करतात, आणि हाकेच्या अंतरावर सांताक्रूझच्या परस्परांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. त्या एकमेकींना छेदतात म्हणून व्यवहारात बहुधा एकीवरच भार पडतो आणि गर्दीच्या वेळी तासाला चाळिसांहून अधिक उड्डाणे व उतरणी तिला सोसावी लागतात. २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. म्हणजे एकाच महानगराच्या आकाशात येण्याजाण्याच्या वाटांची आणखी एक जाळी विणली गेली. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आहे, गोव्याचे दाबोळी नौदलाचे आहे, आणि दोन्हीकडे नागरी विमाने लष्करी विमानांच्या शेजारी उतरतात. या सर्व ठिकाणी नियम आहेत, समन्वय आहे आणि आपले काम निष्ठेने करणारी माणसे आहेत, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. नागरिकांना घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. विमानप्रवास आजही रस्त्यावरील प्रवासाहून कितीतरी अधिक सुरक्षित आहे. परंतु नियम वॉशिंग्टनलाही होते. प्रश्न असा आहे की, या नियमांच्या फटींतून रोज काय निसटते आहे, हे कोणी मोजते काय? आणि मोजत असेल, तर ते वाचते कोण?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. चूक कबूल करणाऱ्याला अभय दिले तर बेपर्वाई बोकाळणार नाही काय? आमच्या मते अनवधान आणि उद्दामपणा यांतील सीमारेषा आखणे अवघड असले तरी अशक्य नाही. मद्यपान करून कामावर येणाऱ्याला किंवा जाणूनबुजून आज्ञा मोडणाऱ्याला कोणीही पाठीशी घालू नये. पण लागोपाठच्या विमानांच्या रांगेत एखाद्या नियंत्रकाचा अंदाज चार सेकंदांनी चुकला, तर त्याला घरी बसवून आपण नेमके काय साधतो? त्याच्या जागी उद्या येणारा माणूस तितकाच थकलेला, तितक्याच विमानांनी वेढलेला आणि आता शिवाय भेदरलेलाही असेल. पुढच्या खेपेस अंतर कमी पडले आणि कोणाच्या नजरेस आले नाही, तर तो ते आपण होऊन सांगेल काय? अपघाताच्या चौकशीचा हेतू दोषी ठरवणे नसून पुनरावृत्ती टाळणे हा आहे, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे तत्त्व आपणही स्वीकारलेले आहे. ते प्रत्यक्षात उतरलेले दिसले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. विमाने धोकादायक रीतीने जवळ आल्याच्या प्रत्येक प्रसंगाचा अहवाल, व्यक्तींची नावे वगळून, ठरावीक मुदतीत जनतेसमोर यावा. चूक कळवण्यासाठी महासंचालनालयाहून स्वतंत्र आणि शिक्षेचा अधिकार नसलेली संस्था असावी. मनोऱ्यात दोघांचे काम एकावर केव्हा सोपवले जाते, किती वेळ आणि का, याची नोंद राहावी व ती तपासली जावी. आणि सांताक्रूझ, जुहू व नवी मुंबई यांच्या आकाशाचा विचार तीन स्वतंत्र विमानतळ म्हणून न करता एकच क्षेत्र म्हणून व्हावा. तेथील रडारच्या नोंदी दरवर्षी त्रयस्थ नजरेने वाचल्या जाव्यात. यांतील कशालाही डोळे दिपवणारा खर्च लागत नाही. सवय मात्र बदलावी लागते, आणि आपल्या कचेऱ्यांना खर्चापेक्षा तीच अधिक जड जाते.

या कामी प्रवाशांचाही एक वाटा आहे. उतरता उतरता विमान एकाएकी पुन्हा वर जाते आणि वीस मिनिटांनी पुन्हा येते, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण घड्याळाकडे पाहून कपाळाला आठ्या घालतात. वस्तुतः त्या क्षणी वैमानिकाने आपल्या अहंकारापेक्षा आपल्या प्राणांना अधिक किंमत दिलेली असते. सान फ्रान्सिस्कोला एक हजार माणसे याच एका निर्णयामुळे घरी पोहोचली. जे वैमानिक न संकोचता असे परत फिरतात त्यांना आपण नावे ठेवू नयेत, आणि कंपन्यांनी त्यांच्याकडून खर्ची पडलेल्या इंधनाचा जाब मागू नये.

८ जून २०२४ रोजी मुंबईच्या धावपट्टीवर काळ आला होता आणि वेळ आली नव्हती, असे म्हणून आपण हा विषय मिटवू शकतो. पण वेळ ही काही आकाशातून अवचित टपकणारी वस्तू नाही. न वाचलेल्या प्रत्येक अहवालाने, दडवलेल्या प्रत्येक चुकीने आणि भेदरलेल्या प्रत्येक मौनाने ती एकेक पाऊल जवळ येत असते. चरखी दादरीच्या शेतांत आणि पोटोमॅकच्या थंड पाण्यात तिची पावले उमटली आहेत. ती मुंबईच्या आकाशात उमटू द्यायची नसतील, तर पुढच्याला लागलेली ठेच मागच्याच्या कानी घालण्याची व्यवस्था आजच झाली पाहिजे. उद्या ती करावीच लागेल, पण तेव्हा शहाणे होण्याची किंमत कोणीतरी आधीच मोजलेली असेल.